लाल टोपी आणि नाचणीची रुजवण

गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेच्या परिपाठात सातवीतल्या एका मुलीने 'जगातील विचित्र नाताळ' वाचून दाखवला. वडिलांच्या मोबाइलवर आलेला मजकूर तिने वहीत उतरवून आणला होता. आठ-दहा देश, प्रत्येकाच्या वाट्याला दोन-दोन ओळी. जपानात नाताळला तळलेलं कोंबडं खातात. व्हेनेझुएलाच्या काराकासमध्ये लोक चाकांचे बूट घालून पहाटे चर्चला जातात. कॅटलोनियात मुलं लाकडाच्या ओंडक्याला काठ्यांनी बडवतात आणि तो ओंडका खाऊ हगतो. हे शेवटचं तिने 'शौचावाटे देतो' असं सभ्य करून आणलं होतं, पण मुलांना कळायचं ते कळलं. रांगा मोडल्या. परिपाठाला इतका आनंद मी तरी कधी पाहिला नव्हता. मागून एकाने विचारलं, "बाई, ती लोकां येडी आसत काय?"

मी 'गप्प उभे राहा' एवढंच म्हटलं. उत्तर सुचलं ते संध्याकाळी खळ्यात बसून कुळीथ निवडताना.

प्रश्न विचारणारा हा मुलगा चारच दिवसांपूर्वी जत्रेत पहाटेपर्यंत जागा होता. आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजूला कार्तिक-मार्गशीर्षात गावोगाव जत्रा लागतात, आणि दशावतार नसेल तर ती जत्राच नव्हे. मुख्य आख्यान लागण्याआधी आड दशावतारात वेद पळवणारा संकासूर येतो, काळ्या कपड्यांत, आणि मालवणीत असं काही बोलतो की पुढे चादरी गुंडाळून बसलेली पोरं एकमेकांच्या मागे लपतात आणि तरी खिदळतात. वर रत्नागिरीकडे, गुहागर-दापोलीच्या अंगाला, याच नावाचा संकासूर शिमग्याच्या खेळ्यांबरोबर दारोदार फिरतो. कमरेला घुंगरू, डोक्यावर निमुळती टोपी. पोरं चिडवतात, तो मागे लागतो, पोरं आईच्या पदराआड.

आता ऑस्ट्रियात चला. ५ डिसेंबरच्या रात्री तिथे क्राम्पुस रस्त्यावर उतरतो. केसाळ कातडं, शिंगं, लोंबती जीभ, कमरेला गुरांच्या गळ्यातल्यासारख्या घंटा, हातात काटक्यांची जुडी. दुसरा दिवस संत निकोलसचा. निकोलसने गोड द्यायचं आणि क्राम्पुसने फटके, अशी त्यांची वाटणी आहे. मुलीच्या वहीत हे 'राक्षसांचा नाताळ' म्हणून आलं होतं. घुंगरांचा आवाज आणि पाठीत बसणारा धपाटा आमच्या पोरांना नवा होता थोडाच?

आणि त्या ओंडक्याचं म्हणाल, तर कॅटलोनियातली मुलं त्याला ८ डिसेंबरपासून रोज खायला घालतात, थंडी वाजू नये म्हणून पांघरूण घालतात, त्याचे लाड करतात. नाताळच्या आदल्या रात्री गाणं म्हणत त्याला बडवायचं, मग पांघरुणाखाली हात घालायचा. तिथे बदाम-मधाची मिठाई असते, मोठ्यांनी गुपचूप सारलेली. त्याच मुलखात येशूजन्माच्या देखाव्यात एका कोपऱ्यात विजार खाली करून बसलेला एक शेतकरीही ठेवतात. त्याच्या डोक्यावर बहुधा लाल टोपी असते. (ही टोपी लक्षात ठेवा.) देवाच्या जन्माशेजारी असला चावटपणा? पण शिमग्याला आमचे मानकरी देवळासमोर ज्या फाका घालतात त्या इथे छापता येणार नाहीत, आणि त्या घातल्याशिवाय होळी पेटली असं कोणी मानतही नाही. वर्षभर मर्यादेने राहणारी माणसं एक दिवस देवासमोरच ती सोडतात. ही सोय आम्हीही करून ठेवलेली आहे.

मला सगळ्यात आवडली ती वेल्सची मारी लुइड. दक्षिण वेल्समध्ये नाताळ ते नववर्ष या दिवसांत घोड्याची खरी कवटी काठीवर बसवतात, फिती बांधतात, खाली पांढरी चादर सोडतात. चादरीत शिरलेला माणूस दोरीने कवटीचा जबडा खडाखडा वाजवतो. ही मंडळी दारात उभी राहून पदांतून आत यायची परवानगी मागते. घरातल्यांनी पदातूनच नकार द्यायचा. बाहेरच्यांनी आतल्यांच्या आवाजाची, कंजूसपणाची, दारूची टर उडवायची. आतल्यांनी सवाई उत्तर द्यायचं. ज्याचं पद संपलं तो हरला. बहुतेकदा घर हरतं, दार उघडतं, खाणंपिणं होतं. वहीत फक्त 'घोड्याची कवटी घेऊन फिरतात' एवढं होतं. कवटी दिसली, पदं गेली. मालवण-कुडाळकडच्या माणसाला मात्र मी दोन शब्दांत समजावीन: दारातली डबलबारी. समोरासमोर दोन भजनी बुवा, मध्ये पखवाज, एकाने गजरात कोडं घालायचं, दुसऱ्याने तिथल्या तिथे ते फोडून वर चिमटा काढायचा, आणि श्रोत्यांनी पहाटेपर्यंत हलायचं नाही. रत्नागिरीवाल्याने हवं तर शक्ती-तुरा म्हणावं. वेल्सच्या त्या दारात आमचा एखादा बुवा उभा केला तर भाषा कळली नाही तरी चाल त्याला नक्की कळेल.

आइसलँडचं आणखी एक. तिथे १२ डिसेंबरपासून तेरा भाऊ रोज एक असे डोंगरातून उतरतात. एक चमचे चाटतो, एक दारं आपटतो, एक सॉसेज चोरतो. मुलं खिडकीत बूट ठेवतात, शहाण्याच्या बुटात खाऊ येतो आणि वांडाच्या बुटात बटाटा. आमच्याकडे वेताळाला चामड्याच्या वहाणा देतात. तो रात्री गावाची हद्द फिरतो, राखण करतो, चालून चालून त्या झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. देवळात त्या भल्यामोठ्या वहाणांकडे बघताना मला लहानपणी भीतीपेक्षा वाईटच जास्त वाटायचं, रोज एवढं चालायचं म्हणजे काय. आइसलँडची मुलंही आपल्या चोरट्या भावांविषयी असंच काहीतरी मनात धरत असतील.

आपल्याला या 'विचित्र' म्हणण्याचा राग येतो तो ते उलट्या बाजूने आल्यावर. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळण घ्या. काही वर्षांनी एकदा रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जातं. गुरं, कुत्री, कोंबड्या, म्हातारी माणसं, सगळी. बाहेर झापांच्या खोपी उभ्या राहतात, चुली पेटतात, रात्री भजनं होतात. आणि दरवेळी कॅमेरे येऊन 'भुताच्या भीतीने ओस पडलेलं गाव' दाखवून जातात. तेव्हा आचऱ्याचा माणूस चिडतो, आणि त्याचं बरोबर असतं. खोपीत शेजारी-शेजारी निजलेले दोन भावकीचे वैरी, पोरांना लागलेली शाळेविनाची मजा, कौलाला बसलेले मानकरी, यातलं काहीच त्या बातमीत नसतं. नेमकं तेच आम्ही परिपाठात कॅटलोनियाचं केलं.

मग सगळं सारखंच, कोणाचंच काही विचित्र नाही, असं म्हणून मोकळं व्हावं? तेवढं सोपं मला पटत नाही. प्रथाप्रथांत फरक असतोच. फक्त तो जुनी-नवी, देशी-परदेशी, शहाणी-खुळी या मापांनी मोजता येत नाही. माझं माप कामाचं आहे: ही प्रथा पार पाडायला माणसाला हात मळवावे लागतात का, की नुसतं उभं राहून बघायचं असतं?

या मापाने मेक्सिकोतलं ओआहाका पहिल्या रांगेत बसेल. तिथे १८९७ पासून २३ डिसेंबरला मुळ्यांच्या कोरीव कामाची स्पर्धा भरते. मुळे खायचे नसतात, मुद्दाम जमिनीत जास्त दिवस ठेवून वेडेवाकडे वाढवलेले असतात, त्यांतून येशूजन्म, राजे, संत, गाढवं कोरतात. मुळा लवकर सुकतो, म्हणून सारखं पाणी शिंपडत राहायचं. एक संध्याकाळ, आणि खेळ खलास. आमच्या गणपतीवरची माटवी, म्हणजे मूर्तीच्या वर टांगलेली फळापानांची चौकट, अशीच. कवंडळं, कांगुण्या, हरणाची फुलं, तवसं, सुपारीचे घोस, आंब्याचे टाळे, सगळं रानातून आणि परसातून आणायचं, गणपती बसायच्या आधी बांधून व्हायलाच हवं. कुठलं फळ कुठल्या कोंडीत मिळतं हे ठाऊक असलेलं घरात एक तरी माणूस लागतं. ते माणूस गेलं की दुसऱ्या वर्षी माटवी विरळ होते.

जपानची कोंबडी या मापात नापास. १९७४ मध्ये केंटकी फ्राइड चिकनने देशभर जाहिरात केली की नाताळ म्हणजे केंटकी, आणि ते इतकं रुजलं की लोक आधीपासून नंबर लावून ठेवतात. तिथे २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टीही नसते. कामावरून येताना डबा उचलायचा आणि स्ट्रॉबेरीचा केक. मला ही प्रथा पाकीटबंद वाटते. पण बोट दाखवताना माझाही हात थरथरतो, कारण आम्ही किती वर्षं मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या हाती थर्मोकोलचं मखर मागवत होतो. २०१८ मध्ये राज्य सरकारने थर्मोकोलवर बंदी घातली तेव्हा ते सुटलं, मनाने सोडलं नाही. त्या मखराला कोणी कधी परकं म्हटलं नाही, विचित्र तर मुळीच नाही.

स्वीडनच्या येव्लेचा बकरा या दोन्हींच्या मधला. १९६६ मध्ये व्यापाऱ्यांनी गिऱ्हाईक ओढायला चौकात तेरा मीटर उंच पेंढ्याचा बकरा उभा केला. म्हणजे जन्माने जाहिरातच. त्याच वर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री कोणीतरी तो पेटवला. तेव्हापासून किती वेळा जळला याची गणती गाव हौसेने ठेवतं. जाळणं गुन्हा आहे, पहारा असतो, तरी 'यंदा टिकणार का' हीच खरी जत्रा झाली आहे. २०२३ मध्ये तर पेंढ्यात दाणे राहिले होते म्हणून कावळ्याच्या जातीच्या पाखरांनी तो टोचून टोचून भादरला. व्यापाऱ्यांची वस्तू लोकांनी अशी ओढून आपली केली. गुन्ह्याचं समर्थन मी करत नाही, पण नुसतं बघत बसायला त्या गावाने नकार दिला हे खरं. गोव्यापासून वसईपर्यंत ३१ डिसेंबरला सरत्या वर्षाचा 'म्हातारा' जाळतात. पोरं आठवडाभर जुने सदरे आणि गवत गोळा करतात, त्या म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून येणाऱ्या-जाणाऱ्याकडून पैसे मागतात. येव्लेवाल्यांनी तो पाहिला तर त्यांना घरी आल्यासारखं वाटेल.

हे सगळं सांगायचं कारण पुढे आहे. परिपाठाच्या दुसऱ्याच दिवशी पालकांच्या ग्रुपवर निरोप आला, २४ तारखेला मुलांना सांताची लाल टोपी घालून पाठवावे. तासाभरात दुसऱ्या पालकाचा उलटा निरोप, ही आपली संस्कृती नव्हे, २५ डिसेंबरला तुळशीपूजन दिन साजरा करा. मग दोन दिवस जे झालं ते कुठल्याही गावच्या ग्रुपवर होतं तेच. शेवटी अर्धी मुलं टोप्या घालून आली, अर्धी बिनटोपीची, आणि टोपीवाल्यांना दुपारी इतकं उकडलं की ती टोप्यांचेच चेंडू करून खेळली.

दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं, आणि तिथेच दोघं चुकले. नाताळ म्हणजे सांता, हे दोघांनीही धरून ठेवलं. लाल अंगरख्यातला हा गुबगुबीत म्हातारा एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी चित्रांतून घडत गेला आणि १९३१ पासूनच्या कोका-कोलाच्या जाहिरातींनी जगभर पोचला. त्याच्यावर चिडणारे आपण पहिले नाही. फ्रान्समधल्या दिजाँ शहरात २३ डिसेंबर १९५१ ला कॅथेड्रलसमोर, चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला येणाऱ्या मुलांच्या डोळ्यांदेखत, सांताचा पुतळा टांगून जाळला होता. जाळणारे चर्चचेच लोक. त्यांचं म्हणणं, याने येशूचा सण पळवला. त्याच्याही आधी, १६४७ मध्ये इंग्लंडच्या प्युरिटन संसदेने नाताळच बंद केला होता आणि १६५९ मध्ये मॅसॅच्युसेट्सने तो पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला. हे सगळे कट्टर ख्रिस्ती. तेव्हा आमच्या ग्रुपवरच्या वीरांनी आपण काही नवं करतो आहोत असं समजू नये.

आणि तुळशीचं म्हणाल तर तिची तिथी कोकणात ठरलेली आहे. कार्तिकात द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत दारोदार लग्नं लागतात, ऊस उभा करतात, चिंचा-आवळे वाहतात. कोणाच्या सणाला आडवं घालायला तिला पुन्हा २५ डिसेंबरला बोहल्यावर चढवायची, यात तिचा कसला मान?

परकं म्हणाल तर 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगिजांचा, पण तसा 'पगार'ही त्यांचाच आणि 'चावी'ही, आणि काजू तर त्यांनीच ब्राझीलहून आणला, ज्यावर आज आमच्या अर्ध्या तालुक्याची चूल पेटते. रेवदंड्याजवळच्या कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिसळीतून घडलेली बोली आजही घरात बोलतात. १६१६ मध्ये गोव्यात राशोलला फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने येशूची कथा मराठी ओवीत छापली. सांताच्या लाल कपड्यांपेक्षा मराठीतला येशू निदान दोनशे वर्षांनी तरी थोरला. म्हणजे नाताळ आमच्याकडे आहेच. फक्त तो बाजारात मिळत नाही, चर्चमागच्या वाडीत मिळतो.

त्या वाडीत माझी मावशी राहते. नात्याची नव्हे, आईची मैत्रीण, म्हणून मावशी. तिच्याकडून नाताळला ताट येतं, दोदोल, कलकल आणि नेवऱ्या. आमच्याकडून गणपतीत ताट जातं, त्यातही नेवऱ्या. सारण थोडं वेगळं, मुरड तीच. तिच्या अंगणात नक्षत्राचा कंदील लागतो तो आमच्याच वाडीतला मुलगा करतो, दिवाळीतून उरलेल्या कामट्यांचा आणि पतंगाच्या कागदाचा. पडवीत गोठा असतो: पेंढ्याचं छप्पर, काळा रंग दिलेल्या कागदाचे खडक, प्लास्टरच्या गाई, मेंढपाळ, आणि पुढे हिरवंगार गवत. हे गवत म्हणजे नाचणी. करवंट्यांत माती भरून आठ-दहा दिवस आधी पेरलेली. आम्ही नवरात्रात घटापुढे रुजवण घालतो, तीच कृती.

माझं म्हणणं एवढंच होतं, आणि मी ते शिक्षकांच्या बैठकीत मांडलं, की टोप्या नकोत आणि बंदीही नको. मुलांना घेऊन त्या वाडीत जाऊ, गोठा दाखवू. वरून उत्तर आलं की धार्मिक विषय आहे, पालक बोंबलतील. शाळेत सरस्वतीपूजन होतं, गणपतीत आम्ही मुलांना घरोघर आरत्यांना सोडतो, तो विषय मात्र धार्मिक नसतो. शेजाऱ्याच्या पडवीत अर्धा तास उभं राहिल्याने कोणाचं पोर बाटत नाही. बाटत असतं तर नेवऱ्यांनी कधीच बाटलं असतं.

एका हरकतीला मात्र माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं, आणि ती मावशीनेच घेतली. "चाळीस पोरां हाडून माझ्या पडवीत उभी करतलस, फोटो काढतलस आणि जातलस. मी काय जत्रेतला दुकान मांडून बसलंय?" माझं माप माझ्याच अंगावर आलं. समुद्रकिनाऱ्यावरच्या पर्यटन महोत्सवात संकासुराला दहा मिनिटं स्टेजवर नाचवून खाली उतरवतात तेव्हा मी नाक मुरडते, आणि मी मावशीच्या गोठ्याचं तेच करायला निघाले होते.

म्हणून ठरलं असं: शाळेचं नाव नाही, फक्त आमच्या वाडीतली सहा मुलं, आणि ती रिकाम्या हाताने जाणार नाहीत. रुजवण ती घालतील. तो प्रश्न विचारणारा मुलगा सर्वांत पुढे. मावशीने करवंट्या दिल्या, नाचणी भिजवायला सांगितली, वर टोपली पालथी घालायला लावली. "बाये, पाणी कमी. कुजतला तर मगे माझ्या नावान बोंब मारू नको." मुलांनी आपापली करवंटी घरी नेली. दोघांची कुजली, एकाची फार काळोखात राहून पिवळी पडली, तीही मावशीने खडकांच्या मागे लावली.

२४ च्या दुपारी मुलं गोठ्यासमोर उभी होती. गव्हाण रिकामी. बाळ कुठे आहे, असं सगळ्यांनी एकदम विचारलं. "रातीक बाराक येतलो," मावशी म्हणाली, "मिसाच्या वेळार." मुलांना ते फारच पटलं. कृष्णही बारालाच येतो.

पण बाळ यायच्या आधीच कोंबडी आली. आम्ही चहा पीत होतो तेवढ्यात शेजारची एक तलंग पडवीत शिरली आणि तिने दोन करवंट्यांतली नाचणी मुळासकट उपसली, एक मेंढपाळ आडवा केला. मावशी ओरडत धावली. त्या मुलाने मेंढपाळाला उचलून पुसलं, जागेवर ठेवला आणि कोंबडीला हुसकत म्हणाला, "बाई, त्या स्वीडनच्या बकऱ्याचा पण असाच झाला ना?" मग दारात करवंटी ठेवून राखणीला बसला, अंधार पडेपर्यंत.